फाटकाच्या पुढे

बुलेट देऊन यामाहा आणायला मी पोखर्णीला गेले, त्या दिवसापासून सांगते. कंदील तिथंच राहू द्या, वारा नाही.

एकोणनव्वदचा ऑक्टोबर होता. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. माझे वडील दत्तराव, कालवा निरीक्षक. लष्कराची जुनी बुलेट त्यांनी लिलावात घेतली होती आणि तिच्यावरून ते कालव्याच्या कडेकडेनं सगळा तालुका फिरायचे. मला त्यांनीच शिकवली, सतराव्या वर्षी, मुरमाच्या रस्त्यावर. परभणीत बुलेट चालवणारी मुलगी म्हणजे पानटपरीवरच्या रिकाम्या लोकांना फुकटचा तमाशा. मला त्याचं काही वाटत नसे. पण खरं सांगायचं तर ती गाडी माझी कधी झालीच नाही. किकनं उलटा दणका दिला की घोटा आठ दिवस सुजायचा. स्टँडवर चढवायची तर रस्त्यात माणूस शोधावा लागे, आणि माणूस आला की तो आधी सल्ला देई आणि मग हात लावी.

पोखर्णीच्या आबासाहेबांच्या धाकट्या मुलाला सासऱ्यानं लग्नात यामाहा दिली होती आणि आबासाहेबांना ती दारात उभी असलेली बघवत नव्हती. त्यांना बुलेट पाहिजे होती. मला यामाहा पाहिजे होती. साधी अदलाबदल.

"ही काय गाडी म्हनायची?" आबासाहेब ओट्यावरून म्हणाले. "शिलाई मशीन हाय. पर पोरी, बुलेट तुज्या बापाची निशाणी. इच्यार कर बरं."

"निशाणी मनात असते, आबासाहेब. दारात असते ती गाडी."

"जीभ बी बुलेटवानीच हाय," ते म्हणाले आणि हसले.

त्यांच्या मुलानं मात्र एक गोष्ट दोनदा समजावली. "ताई, ध्यानात ठेवा. बुलेटला उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. हिला समदं उलटं. डावा गिअर, उजवा ब्रेक. घाईत पाय चुकतोच."

मी निघाले. काय सांगू तुम्हाला! तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली आणि पोट मागं राहून मी पुढं गेल्यासारखं वाटलं. बुलेट म्हणजे बैठकीतला पाहुणा, हालता हालत नाही. ही गाडी नुसती मनात आलं की वळत होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, ज्वारी नुकती वर आलेली, आणि मी रस्त्यानं मोठ्यानं गात चाललेली.

घरी आल्यावर आईनं गाडीवरून हात फिरवला आणि "हलकी हाय" एवढंच म्हणाली. किशननाना, म्हणजे माझे चुलते, बाहेर आले. बाबा गेल्यापासून ते आमच्याकडेच राहायचे आणि घरातलं कर्तं माणूस आपणच, असं समजायचे. त्यांनी इंजिनाकडे बघितलं नाही, चाकांकडे बघितलं नाही. सीटवर हात ठेवून उभे राहिले.

"हिला मागली सीट येगळी न्हाई?"

"नाही. एकच लांब सीट आहे."

"बुलेटला दोन व्हत्या. मधी जागा राह्यची."

"कशाला पाहिजे जागा?"

नाना आत गेले. म्हाताऱ्या माणसांचं हे मला कधी सहन झालेलं नाही. अर्धं बोलायचं, उरलेलं तोंडात ठेवायचं आणि वर आपणच समजून घ्यायचं.

पुढच्या शनिवारी सकाळी साडेदहाला आईनं नानांचा सदरा धुवायला घेतला. खिशातून पाकीट निघालं. माझ्या नावाचं, फोडलेलं. आत माझ्या नेमणुकीचा आदेश. पिंगळीच्या पुढं, पूर्णेच्या अलीकडं, आतल्या रस्त्यावरच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका. आदेशाच्या तारखेपासून पंधरा दिवसांत रुजू व्हावं, अन्यथा नेमणूक रद्द समजावी. मी बोटांवर दिवस मोजले. आज पंधरावा. शनिवारची सकाळची शाळा, बारा वाजता सुटणार. हेडमास्तर कुलूप लावून एस.टी.नं घरी जाणार.

डी.एड. होऊन दोन वर्षं मी त्या कागदाची वाट बघत होते. दोन वर्षं!

"नाना, हे काय आहे?"

ते चहा पीत होते. कप तसाच खाली ठेवला. "ऱ्हाऊ दे माय. दुसरं गाव मिळल."

"मिळायला ते भाजीचं दुकान आहे का? कामून लपवलंत?"

"त्यो रस्ता चांगला न्हाई."

"रस्ता चांगला नाही म्हणून माझी नोकरी घालवता?" माझा आवाज गल्लीत गेला असणार, कारण शेजारच्या सुमनबाई दारात आल्या. मी ओढणी कमरेला बांधली, कागद कुडत्याच्या आत ठेवला आणि गाडी काढली. नाना मागोमाग अंगणात आले. त्यांनी हँडल धरलं.

"जातीस तर आईक. एकदाच सांगतो. कालव्याच्या पुलापाशी सोळाचा दगड हाय. तिथं थांबायचं. गाडी बंद करायची न्हाई, मागं बगायचं न्हाई, बोलायचं न्हाई. अंगाला गार लागलं की निगायचं. मंग म्होरं रेल्वेचं फाटक लागतं. तिथं थांबून म्हनायचं, उतरा. मंग जायचं. तुजा बाप धा वर्सं आसंच करायचा."

"बाबा? बाबा देव मानत नव्हते, भूत कुठून मानणार?"

"मानत नव्हता. थांबत व्हता."

आणि मग त्यांनी सांगितलं. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून गावंगावं पेटली होती, आपल्या वस्त्यांना आगी लागत होत्या, तेव्हा बाबा आणि नाना बुलेटवरून पूर्णेला आत्याकडे निघाले होते. सोळाच्या दगडापाशी एक बाई उभी होती. विशी-बाविशीची, एकटी, लुगडं अर्धं जळलेलं. तिनं हात केला. स्टेशनापर्यंत न्या म्हणाली.

"मागल्या सीटवर मी व्हतो," नाना म्हणाले. "जागा न्हाई म्हनलो. म्याच म्हनलो. तुजा बाप काई बोलला न्हाई, गाडी बी थांबवली न्हाई, निस्ती हळू केल्ती. ती मागं मागं पळत आली थोडी. दुसऱ्या दिशी ती फाटकापाशी सापडली. तितवर चालत गेल्ती. कोन, कुठली, कुनालाच ठाव न्हाई."

मला एकदम आठवलं. त्यानंतर त्या रस्त्यावर बाबांनी मला कधी मागं बसवलं नव्हतं. अकरा-बारा वर्षांची घोडी मी, तरी टाकीवर पुढं बसवायचे. मागची सीट रिकामी. मला वाटायचं, लाड करतात.

पण घड्याळात दहा पन्नास झाले होते. "तुमची चूक तुम्ही सांभाळा," मी म्हणाले. आज वाटतं, जरा कमी टोचून बोलले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी माझे चौदा दिवस खिशात ठेवले होते.

पिंगळी मागं पडली तसं ऊन टाळूवर आलं. ऑक्टोबरचं ऊन, वारा पडलेला. तुम्ही अंधाराला भीत असाल. मी त्या दिवसापासून भर दुपारला भिते. अंधारात दिसत नाही म्हणून माणूस काहीबाही कल्पना करतो. दुपारी सगळं दिसत असतं. रस्ता दिसतो, बाभळी दिसतात, कालव्याचं संथ पाणी दिसतं, आणि तिथं कुणीही नाही हेही अगदी स्वच्छ दिसतं.

रस्त्यावर माणूस नव्हतं. शेतात नव्हतं. होले घुमतात ना दुपारचे, तेही नव्हते. फक्त माझ्या गाडीचा बारीक, तापलेला आवाज.

कालव्याचा पूल आला. सोळाचा दगड आला. पांढरा रंग उडालेला, कलता. मी मूठ पिळली. सत्तर. दगड सर्रकन मागं गेला. मी मोठ्यानं म्हणाले, "बघा नाना!"

आणि गाडी बसली.

म्हणजे बंद नाही पडली. मागून खाली बसली. कुणी उडी मारून बसावं तशी नाही. हळू, अंग चोरून, दमलेलं माणूस टेकतं तशी. बुलेटवर हे कळलंच नसतं. तिच्यावर पोतं टाकलं काय आणि काढलं काय, तिला फरक पडत नाही. पण या हलक्या गाडीवर ओढणीची गाठ सरकली तरी कळतं. सत्तरचा काटा साठवर आला. मूठ तेवढीच पिळलेली. पंचावन्न.

मी आरशात बघितलं. मागं रिकामा रस्ता. डाव्या हाताला रस्त्यावर माझी सावली पळत होती. सावलीत मी एकटीच.

मग लक्षात आलं, ओढणीचा आवाज येत नाही. इतका वेळ ती मागं फडफडत होती. आता पंचावन्नच्या वेगात ती माझ्या पाठीवर शांत पडून होती. कुणीतरी दाबून धरल्यासारखी.

गार लागायला लागलं. पाठीच्या मधोमध आधी, मग खांद्यांपर्यंत. बुलेटवर दोन सीटांच्या मधे जी जागा असायची ती इथं नव्हती. मागची बाई अगदी टेकून बसली होती. आणि वास. भिजलेल्या राखेचा वास. चूल लिंपताना येतो तो घरचा वास नाही. मोठ्या जळिताचा, वरून पाऊस पडल्यावरचा.

मला ओरडता येईना. आणि खरं सांगते, त्याच वेळी मनात दुसरं काटेकोर गणित चालू होतं. साडेअकरा होऊन गेले असतील. या वेगानं बाराला पोचत नाही. भीती एका बाजूला आणि तो कागद एका बाजूला. कागद कुडत्याच्या आत घामानं चिकटला होता आणि तेवढीच एक जागा गरम होती.

लांबून फाटक दिसलं. फाटक नावालाच. दांडा नाही, माणूस नाही, नुसते रूळ आणि एक पाटी. रूळ दोन्ही बाजूंना मोकळे, उन्हात थरथरणारे. थांबावं, मी ठरवलं. नाना म्हणाले तसं करावं. थांबून "उतरा" म्हणावं आणि जीव घेऊन सुटावं. सगळी अक्कल, सगळं डी.एड. त्या क्षणी गळून पडलं होतं.

मी ब्रेक दाबला. जीव खाऊन दाबला.

डाव्या पायानं.

पाच वर्षांची बुलेटची सवय. डाव्या पायात ब्रेक. पण या गाडीच्या डाव्या पायात गिअर होता. चौथ्याचा तिसरा पडला, तिसऱ्याचा दुसरा, इंजिन असं किंचाळलं की मागचं चाक घसरलं, गाडी दोन हात वाकडी गेली, सरळ झाली आणि थांबायच्या ऐवजी उसळून रुळांवर चढली. धाड, धाड. दोन रूळ. पुन्हा डांबर.

फाटक मागं गेलं होतं.

मी गाडी चालवत राहिले. थांबायचं सुचलंच नाही. मागचं वजन तसंच होतं. फक्त पाठीवरचा दाब कमी झाला होता. कुणी ताठ होऊन आजूबाजूला बघावं तसा.

"...फाटक गेलं," मागून कुणीतरी म्हणालं.

रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज. कानाशी नव्हता. पाठीतून येत होता.

मी उत्तर दिलं नाही. बोलायचं नाही असं सांगितलं होतं ना.

"...इथंच उतरा म्हनत्येत..."

आता हे ऐका. माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. दात वाजत होते. पण त्याच्या खालून दुसरं काहीतरी वर आलं, तोच माझा नेहमीचा संताप. दहा वर्षं! दहा वर्षं माझा देवमाणूस बाप हिला त्या दगडापासून फाटकापर्यंत आणत होता आणि जिथं ती मेली तिथंच रोज उतरवत होता. मागं न बघता. न बोलता. आणि त्याला वाटत होतं, फेडतोय.

"तुम्हाला जायचंय कुठं?" मी विचारलं. आवाज फुटला, पण विचारलं.

एक बाभूळ गेली, दुसरी गेली.

"...आसं कुनी इचारलं न्हाई..."

"मी विचारतेय. पटकन सांगा. मला बाराच्या आत पोचायचंय."

"...तू कुठं जायलीस?"

"शाळेत. नोकरीवर रुजू व्हायला. नाही पोचले तर नोकरी गेली."

मागं हालचाल झाली. लुगड्याचा घोळ आवरून घट्ट बसावं तशी.

"...मंग हाण की..."

मी हाणली. आणि गाडी, जी इतका वेळ पंचावन्नच्या वर सरकत नव्हती, ती उडाली. वजन होतं, मी शपथेवर सांगते, वजन होतं. पण ते आता मागं ओढत नव्हतं. वळणावर मी झुकले की ते माझ्यासोबत झुकत होतं. ऐंशी. आतला कच्चा रस्ता लागला तरी साठ. मागून एकदाच बारीक आवाज आला. मला तो हसल्यासारखा वाटला. मी वळून बघितलं नाही. आजही त्याचं बरं वाटतं.

शाळेसमोर पोचले तेव्हा पोरं घराकडे पळत होती आणि हेडमास्तर माणिकराव गुरुजी व्हरांड्यात कुलूप हातात घेऊन उभे होते.

"सोमवारी या बाई. आता एस.टी. यायली माजी."

"सोमवारी मुदत संपलेली असेल, गुरुजी. आज तारीख कोणती? अजून बारा वाजायला चार मिनिटं आहेत. दार उघडा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. धुळीनं माखलेली, ओठ निळे पडलेले, ऑक्टोबरच्या उन्हात कुडकुडणारी बाई. "ताप हाय का तुमाला?" असं म्हणत त्यांनी कुलूप काढलं. मी हजेरीपटावर सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. सही करत होते तेव्हा बाहेर गाडीचे मागचे शॉकअप कुईं करून वर आले. मी तर केव्हाच उतरले होते.

संध्याकाळी परत येताना गाडी पिसासारखी हलकी होती.

नाना दारातच बसले होते. सकाळपासून तिथंच होते, आई म्हणाली, जेवले नव्हते.

"थांबलीस?"

"नाही."

"फाटकापाशी?"

"तिथंही नाही."

"मंग ती... ती कुठं हाय आता?"

"शाळेत."

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "पानी पाजलंस का तिला? आमाला पानी बी मागितलं व्हतं तिनं." एवढं बोलून ते रडायला लागले. पांढऱ्या केसांचं माणूस असं रडताना मी पहिल्यांदा बघत होते. मला जे काय ऐकवायचं होतं ते सगळं मी गिळलं आणि त्यांना जेवायला वाढलं.

सोमवारी वर्गात गेले. तरटाच्या पट्ट्यांवर पोरं मांडीला मांडी लावून दाटीवाटीनं बसली होती, आणि दाराजवळच्या कोपऱ्यात एका माणसाची जागा मोकळी होती. "सरकून बसा की तिकडं," मी म्हणाले. कुणी हललं नाही. पहिलीतली बायना म्हणाली, "तिथं बाई बसत्यात." माझ्याकडे बघत नव्हती. सहज सांगत होती.

मी पाटीवर 'अ' काढून दाखवला. दोनदा. एकदा पोरांकडे तोंड करून आणि एकदा कोपऱ्याकडे.

याला आता दोन वर्षं होतील. मी रोज त्याच रस्त्यानं येते-जाते. दगडापाशी थांबत नाही आणि काही होत नाही. शाळेत पूर्वी चौथीपर्यंत मुली टिकत नसत. या दोन वर्षांत एकही गेली नाही. गेल्या दिवाळीनंतर एकजण आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला कापूस वेचायला न्यायला आला होता. तावातावानं दारापर्यंत आला, उंबऱ्यात थांबला, नाक आक्रसलं, हात चोळले, आणि "ऱ्हाऊ द्या, शिकू द्या" म्हणत परत गेला. मी एक शब्दही बोलले नव्हते. संध्याकाळी गावातल्या आठ बायका लिहायला-वाचायला येतात. त्याही कोपरा सोडूनच बसतात. का, ते मी विचारत नाही, त्या सांगत नाहीत. खडू मात्र जरा जास्त संपतात.

मला तिची भीती वाटत नाही आता. खरंच नाही. एखाद्या दिवशी वर्ग गार पडला की उलट बरं वाटतं, आज हजर आहे म्हणून.

पण गेल्या सोमवारपासून पोरं कोपऱ्यात दोन जागा सोडायला लागली आहेत.

मी कुणाला आणलेलं नाही. गाडी हलकीच असते. पहिले तीन दिवस मी बघून न बघितल्यासारखं केलं. काल राहवलं नाही. बायना आता तिसरीत आहे. तिला जवळ बोलावून हळूच विचारलं, "एक जागा बाईंची. दुसरी कुणाची गं?"

तिनं आधी कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्या कानाशी तोंड आणलं.

"ती आजून बोलत न्हाई, बाई."